उत्तरेतला पहिला हिवाळा: धुक्याचा अंदाज कसा वाचायचा आणि कधी निघायचं

डिसेंबर-जानेवारीत दिल्ली, लखनऊ, अमृतसर, पाटणा या बाजूला पहिल्यांदा जाणारा आपला माणूस एकच विचारतो, थंडी किती असते हो तिकडे. थंडीचं सोडा, चार कपडे जास्त चढवले की थंडीचं भागतं. धुक्यावर मात्र स्वेटर चालत नाही. माझा लखनऊमधला हा सातवा हिवाळा. पहिल्या वर्षी मी पण थर्मल, मफलर, कानटोपी सगळं खरेदी करून आलो आणि पहिल्याच आठवड्यात प्लॅटफॉर्मवर अकरा तास बसलो, कारण सकाळी साडेसहाची गाडी बुक करताना त्या वेळी बाहेर काही दिसणार आहे का हा प्रश्नच डोक्यात आला नव्हता, आणि पुण्यात असला प्रश्न पडायची वेळ येतेच कुठे.

तर हे नवीन येणाऱ्यांसाठी, क्रमाने लिहितोय. घाईत असाल तर एवढं घेऊन जा की रात्री बारा ते सकाळी दहा या वेळात चालत्या गाडीत असायचं नाही, निदान १५ डिसेंबर ते जानेवारी संपेपर्यंत तरी नाही. वेळ असेल तर पुढे वाचा.

आधी आपलं घाटातलं धुकं विसरा

पावसाळ्यात माळशेजला किंवा लोणावळ्याला जे धुकं बघून आपण गाडी बाजूला घेऊन भजी खातो ते खरं तर डोंगराला टेकलेले ढग असतात. वारा आला की सरकतात, पुढचं वळण मोकळं मिळतं. गंगा-यमुनेच्या मैदानातलं धुकं तसं नाही, ते जागच्या जागी तयार होतं आणि जागीच बसून राहतं.

होतं काय की रात्री आकाश मोकळं असलं की जमिनीची ऊब वर निघून जाते, जमीन गार पडते, तिला लागून असलेली हवा गार पडते आणि त्या हवेत ओल असली की ती ओल बारीक थेंब होऊन हवेतच लटकते. नेहमी खाली गरम आणि वर गार असं असतं, इथे उलटं होतं, खाली गार आणि त्याच्यावर उबदार हवेचं झाकण, त्यामुळे खालची हवा वर जायला वाटच नाही. गाड्यांचा धूर, शेकोट्यांचा धूर, वीटभट्ट्यांचा धूर सगळं त्याच झाकणाखाली कोंडतं आणि धुराच्या कणांवर थेंब आणखी सहज जमतात. ओल कुठून येते म्हणाल तर गव्हाला याच दिवसांत पाणी देणं चालू असतं, कालवे आहेत, नद्या आहेत आणि मधूनच येऊन जाणारा हिवाळी पाऊस आहे. वारा तर जवळपास नसतोच.

सॅटेलाइटच्या सकाळच्या फोटोत हे इतकं स्पष्ट दिसतं की एकदा बघाच, हिमालयाच्या पायथ्याशी पाकिस्तानातल्या पंजाबपासून बिहार-बंगालपर्यंत पांढरी पट्टी पसरलेली आणि तिच्यात मोठ्या शहरांच्या जागी कधी कधी भोकं पडलेली. शहराच्या उष्णतेने तिथलं धुकं पातळ होतं. म्हणून 'दिल्लीत तर छान दिसतंय' असं मित्राने लाजपतनगरच्या गच्चीवरून सांगितलं तरी पालमला, म्हणजे जिथे विमानतळ आहे तिथे, काहीच दिसत नसेल असं होऊ शकतं.

नोव्हेंबरातलं ते करडं, डोळे चुरचुरवणारं धुरकं हा वेगळा प्रकार, त्यात पराली, म्हणजे भात कापल्यावर शेतात उरलेली ताटं, जाळण्याचा आणि प्रदूषणाचा भाग मोठा. दिसायचं त्यातही कमी होतंच, पण ते दुपारी पण जात नाही. खरं धुकं दुपारपर्यंत उठतं, बहुतेक वेळा.

भाषेचं पण सांगून ठेवतो. हिंदीत 'कोहरा', पंजाब-हरियाणाकडे 'धुंध', बातम्यांत 'घना कोहरा' आणि 'शीतलहर'. 'पाला' ऐकलं तर पालापाचोळा समजू नका, शेतात दव गोठून पिकं जळतात त्याला इकडे पाला पडला म्हणतात.

पहिली पायरी: मीटरमध्ये विचार करायचा

'खूप धुकं आहे' याला काही अर्थ नाही, प्रत्येकाचं खूप वेगळं. हवामान खात्याच्या हिशोबात १००० मीटरपेक्षा कमी दिसायला लागलं की ते धुकं. ५०० ते १००० मीटर म्हणजे हलकं, २०० ते ५०० मध्यम, ५० ते २०० दाट आणि ५० च्या आत अतिदाट. १००० च्या वर असेल तर ते धूसर किंवा विरळ धुकं, प्रवासाला त्याचा फारसा त्रास नाही.

खरं सांगायचं तर हलकं आणि मध्यम यात नवीन माणसाने डोकं घालू नये. २०० चा आकडा महत्त्वाचा, तिथून रस्त्याचं गणित बदलतं, आणि ५० च्या आत रस्त्यावर जायचंच नाही, त्यात दुसरं मत नाही.

आता २०० मीटर डोळ्यांनी ओळखायचे कसे? प्लॅटफॉर्मवर असाल तर सोपं आहे, ट्रेनचा एक डबा साधारण २२ ते २४ मीटरचा असतो, तुमच्यापासून पुढे किती डबे दिसतात ते मोजा. दोनच दिसले तर ५० च्या आसपास, आठ-नऊ दिसले तर २०० आहे. गाडी लागली नसेल तर रुळांवरचे विजेचे खांब बघा, दोन खांबांत साधारण ५० ते ७० मीटर असतात. हायवेवर किलोमीटरच्या दोन दगडांच्या मध्ये २, ४, ६, ८ लिहिलेले छोटे दगड असतात, ते २०० मीटरवर एक. एका दगडाजवळ उभं राहून पुढचा दिसत नसेल तर दाट धुकं आहे, संपलं. घरून निघायच्या आधी गॅलरीतून रस्त्यावरचे दिवे मोजायची सवय लावा, दिवसा एकदा मॅपवर अंतर बघून ठेवायचं की तिसरा दिवा किती मीटरवर, पाण्याची टाकी किती मीटरवर. माझ्या गॅलरीतून समोरच्या शाळेचं गेट १३० मीटर आहे, ते दिसलं नाही तर मी चहा टाकतो आणि परत झोपतो.

दुसरी पायरी: चार-पाच दिवस आधी

या वेळी धुक्याचा अंदाज शोधत बसू नका, इतक्या लांबून धुक्याची वेळ सांगता येत नाही. त्याऐवजी वेस्टर्न डिस्टर्बन्स कधी येतोय ते बघा. मराठी बातम्यांत कधी पश्चिमी झंझावात म्हणतात, इकडे पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारी ही वाऱ्यांची प्रणाली, डोंगरात बर्फ पाडते आणि मैदानात ढग, कधी पाऊस.

तिचा क्रम लक्षात ठेवायचा. ती अंगावर असते तेव्हा ढग असतात, रात्र त्यामानाने उबदार, धुकं कमी. ती पुढे गेली की वायव्येकडून कोरडा गार वारा सुटतो, एक-दोन दिवस कडाक्याची थंडी पण लख्ख ऊन, हे प्रवासाला सोन्यासारखे दिवस. मग वारा पडतो, आकाश मोकळं, जमीन ओली, आणि त्या रात्रीपासून धुकं. बऱ्याचदा सुरुवात पंजाब-हरियाणात होते आणि मग उत्तर प्रदेश, बिहारकडे. दर वेळी असंच होईल असं नाही, कधी वारा सुटतच नाही आणि पाऊस थांबल्याबरोबर दुसऱ्या पहाटे सगळं पांढरं, पण दहापैकी सहा-सात वेळा हा क्रम कामाला येतो असा माझा अनुभव आहे, हा शास्त्रीय आकडा नाही.

म्हणजे तारीख तुमच्या हातात असेल तर पाऊस येऊन गेल्यानंतरचा वारा असलेला दिवस पकडायचा. आपल्याकडे पाऊस असेल तर प्रवास नको म्हणतात, इकडे हिवाळ्यात पाऊस थांबून दोन दिवस झाले की मला जास्त भीती वाटते.

तिसरी पायरी: हवामान खात्याचं बुलेटिन वाचायचं

'मौसम' नावाचं खात्याचं ॲप आहे आणि वेबसाइटवर रोजचं बुलेटिन असतं. रंग असे, हिरवा म्हणजे काही करायची गरज नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. नवीन लोक पिवळा बघून घाबरतात आणि आठवडाभरात लाल बघून पण घाबरत नाहीत, दोन्ही चूक.

रंगापेक्षा त्यातलं वाक्य वाचा. 'काही ठिकाणी', 'अनेक ठिकाणी' हे शब्द तिथे उगाच नसतात, त्यामागे टक्केवारीचे टप्पे ठरलेले आहेत, तुरळक म्हणजे २५ टक्क्यांपर्यंत भाग आणि बहुतेक सर्व ठिकाणी म्हणजे ७५ टक्क्यांच्या वर. 'तुरळक ठिकाणी अतिदाट' असं असेल तर तुमच्या वाटेत एखादा पट्टा लागू शकतो, आणि अपघात अशाच पट्ट्यात होतात कारण आधीचे पन्नास किलोमीटर माणूस ८० ने आलेला असतो. 'सकाळी आणि रात्री' असं आहे की नुसतं 'सकाळी' हे पण बघा.

'कोल्ड डे' शब्द दिसला तर थांबून विचार करा. किमान तापमान १० किंवा त्याखाली आणि दिवसाचं कमाल नेहमीपेक्षा ४.५ अंशांनी किंवा जास्त खाली, असा दिवस. प्रवाशाच्या भाषेत याचा अर्थ बऱ्याचदा असा की धुकं जमिनीवरून जरा वर उठून ढगासारखं अडकलंय, सूर्य दिसणार नाही आणि रात्री परत तेच खाली बसणार. अशा दिवसांची रांग लागली की गाड्यांचा उशीर रोज वाढत जातो.

अंदाज चुकतो का? चुकतो. अर्धा अंश तापमान किंवा ताशी दोन-तीन किलोमीटर वारा इकडचा तिकडे झाला की दाट धुक्याचं मध्यम होतं. आपल्या पुण्याच्या पाषाणमधल्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने याच अभ्यासासाठी २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर उपकरणं लावलीत, त्या मोहिमेचं नाव वायफेक्स, तेव्हापासून दिल्लीचा अंदाज सुधारत गेलाय. तरी कोणत्या गावाला कोणत्या मिनिटाला हे कोणी सांगू शकत नाही आणि तशी अपेक्षा पण करू नका.

चौथी पायरी: आदल्या संध्याकाळी तीन आकडे

ही पायरी लोक सोडून देतात आणि मला तीच सगळ्यात भरवशाची वाटते. रात्री आठच्या सुमारास फोनवर तापमान, दवबिंदू आणि वारा बघा. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतली ओल थेंब व्हायला लागते ते, बहुतेक ॲपमध्ये ड्यू पॉइंट म्हणून असतं, थोडं खाली स्क्रोल करावं लागतं.

समजा आठ वाजता तापमान १३ आहे आणि दवबिंदू १०. फरक तीनच अंशांचा, आकाशात तारे दिसतायत आणि वारा ताशी पाच किलोमीटरच्या आत. रात्रीतून तापमान तीन अंश खाली जाणार हे नक्की, म्हणजे मध्यरात्रीनंतर कधीही धुकं बसणार. तेच तापमान १३ पण दवबिंदू ४ असेल, किंवा वारा दहा-बाराच्या वर टिकून असेल, किंवा ढग असतील, तर बऱ्यापैकी निश्चिंत झोपा.

अजून एक देशी खूण, रात्री दहाला स्कूटरची सीट ओली लागली आणि रस्त्यावरच्या दिव्यांभोवती कडं दिसायला लागलं की समजायचं.

धुकं बसल्यावर त्याची वेळ साधारण ठरलेली, मध्यरात्रीनंतर जमतं, पहाटे चार ते आठ सगळ्यात वाईट. सूर्य वर आला की सुटलो असं वाटतं पण जानेवारीत दिल्लीत तो उगवतोच सव्वासातच्या आसपास, आणि उगवल्यावर अर्धा-एक तास धुकं उलट जास्त दाट होतं कधी कधी, कारण पहिल्या उन्हाने हवा जरा हलते आणि दव परत हवेत मिसळतं. उजाडलं म्हणून लगेच निघणारे इथेच फसतात. दहा-अकराला उठतं.

पाचवी पायरी: पहाटे विमानतळाचा मेटार

विमानाने जायचं नसलं तरी हे बघा, कारण फुकट आहे आणि खरोखर मोजलेलं आहे. मोठ्या विमानतळांवरून दर अर्ध्या तासाला एक ओळ निघते, तिला मेटार म्हणतात. सुरुवातीला विमानतळाचा चार अक्षरी कोड, दिल्लीचा व्हीआयडीपी, लखनऊचा व्हीआयएलके, अमृतसरचा व्हीआयएआर. मग तारीख-वेळ, शेवटी झेड असतं, ती ग्रीनिच वेळ आहे, त्यात साडेपाच तास मिळवायचे. वाऱ्याच्या आकड्यानंतर चार आकडी संख्या येते ते मीटरमधलं दिसण्याचं अंतर, ००५० म्हणजे ५० मीटर, ९९९९ म्हणजे दहा किलोमीटर किंवा जास्त. पुढे एफजी असेल तर धुकं, बीआर असेल तर विरळ धुकं, एचझेड म्हणजे कोरडी धूसर हवा, एफयू म्हणजे धूर. पुढे ०७/०७ असं काही दिसेल, ते तापमान आणि दवबिंदू, दोन्ही सारखे म्हणजे हवा काठोकाठ भरली आहे.

मागचे चार-पाच मेटार एकाखाली एक लावून बघा, आकडा ०१०० वरून ०३००, ०६०० असा चढतोय का खाली येतोय. एक आकडा काही सांगत नाही, उतार-चढाव सांगतो. फक्त हे विमानतळाचं मोजमाप आहे, तुमच्या वाटेवरच्या नदीकाठचं नाही, एवढं धरून चला.

ट्रेनने जाणार असाल तर

धुक्यात ट्रेन धोक्याची नाही, वेळखाऊ आहे. ड्रायव्हरला सिग्नल दिसत नाही हा मूळ प्रश्न. त्यासाठी सिग्नलच्या आधी रुळांवर फटाके लावतात, चाक गेलं की धाड आवाज होतो आणि ड्रायव्हरला कळतं की सिग्नल येतोय. रात्री झोपेत तो आवाज ऐकून घाबरू नका. आता जीपीएसवर चालणारं फॉग सेफ डिव्हाइस पण असतं, पुढचा सिग्नल किती अंतरावर ते सांगतं, तरी धुक्यात वेग ताशी ७५ किलोमीटरपर्यंतच ठेवायचा असतो आणि प्रत्यक्षात कितीतरी कमी. पुढची गाडी हळू म्हणजे मागच्या सगळ्या हळू, आणि ज्या गाडीची वेळ चुकली तिला पुढे प्रत्येक स्टेशनबाहेर थांबवतात.

आपल्याकडून जाणाऱ्यांनी एक गोष्ट समजून घ्या. पुण्याहून झेलम पकडली किंवा मुंबईहून पुष्पक, तर अर्ध्याहून जास्त रस्ता कोरडा ठणठणीत असतो, धुकं पुढे आग्रा-कानपूरकडे भेटतं. तरी गाडी पुण्यातूनच उशिरा का सुटते? कारण जे डबे उत्तरेतून यायचेत तेच साफ करून परत जायचेत, ते धुक्यात अडकले. म्हणून तुमची गाडी बघू नका, तिची उलटी येणारी गाडी कुठे आहे ते एनटीईएसवर, म्हणजे गाडी कुठे आहे ते दाखवणाऱ्या रेल्वेच्या ॲपवर, बघा. ती आठ तास उशिरा असेल तर तुमची वेळेवर सुटेल हे मनातून काढून टाका.

बुक करताना अशी गाडी निवडा जी धुक्याच्या पट्ट्यात दुपारी असेल. रेल्वे दरवर्षी डिसेंबर ते फेब्रुवारी काही गाड्या रद्द करते किंवा त्यांचे दिवस कमी करते, ती यादी आधीच येते, तिकीट काढायच्या आधी बघा. पुढची जोडगाडी असेल तर मध्ये किमान आठ तास ठेवा, आणि दोन्ही तिकिटांचे पीएनआर जोडून घ्या, मग पहिल्या गाडीमुळे दुसरी चुकली तर त्या पैशांचा दावा करता येतो.

रिफंडचं नीट ऐका कारण इथे लोक पैसे घालवतात. गाडी तुमच्या स्टेशनवरून तीन तासांपेक्षा जास्त उशिरा सुटणार असेल आणि तुम्ही जाणार नसाल तर पूर्ण पैसे परत मिळतात, पण गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आत टीडीआर, म्हणजे रिफंडचा अर्ज, भरावा लागतो. साधं कॅन्सल बटण दाबायचं नाही. गाडीच रद्द झाली तर ऑनलाइन तिकिटाचे पैसे आपोआप येतात. चौकशीला १३९.

बॅगेत पाणी, पॉवर बँक, थोडं खाणं आणि एक चादर, एसीचं तिकीट असलं तरी, कारण अकरा तास तुम्ही एसीत नाही तर प्लॅटफॉर्मवर काढणार आहात.

विमान

दिल्ली, लखनऊ, जयपूर, अमृतसर इथे कॅट थ्री-बी नावाची यंत्रणा आहे, तिच्यात धावपट्टीवर ५० मीटर दिसलं तरी विमान उतरू शकतं. मग उशीर का होतो? कारण विमान पण त्या दर्जाचं लागतं आणि पायलटचं पण तसं ट्रेनिंग लागतं. आणि गंमत म्हणजे उडायला जास्त दिसावं लागतं, साधारण १२५ मीटर. म्हणजे विमानं उतरतायत पण उडत नाहीत, पार्किंग भरतं, मग उतरणाऱ्यांना पण वर घिरट्या किंवा दुसऱ्या शहरात पाठवणी. लहान विमानतळांवर तर ही यंत्रणाच नसते, तिथे पाचशे-हजार मीटर दिसल्याशिवाय काही हलत नाही, म्हणून गावाजवळचा विमानतळ सोयीचा वाटला तरी जानेवारीत मी मोठाच घेतो.

स्वस्त म्हणून पहाटे सहाचं तिकीट घेऊ नका. सकाळी अकराचं पण फसवं असतं, कारण ते विमान सहाला दुसऱ्या धुक्याच्या गावातून निघणार होतं. दुपारी एक ते पाच हा माझा पट्टा. आणि ट्रेनसारखंच, तुमचं विमान आत्ता कुठे उभं आहे ते फ्लाइटरडार या ॲपवर बघा, एअरलाइनचा 'वेळेवर' हा मेसेज नाही.

डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमाने सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड यातलं एक तुम्ही मागू शकता, आणि ठराविक उशिरानंतर खाणं-पाणी त्यांनी द्यायचं असतं. धुक्यासाठी वेगळी नुकसानभरपाई मिळत नाही, त्यावरून काउंटरवर भांडून उपयोग नाही. जानेवारी २०२४ पासून तीन तासांपेक्षा जास्त उशीर होईल असं दिसलं तर एअरलाइन विमान आधीच रद्द करू शकते, तेव्हा घरून निघताना मेसेज बघून निघा.

रस्ता

हे शेवटी ठेवलंय कारण खरा धोका इथेच आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये यमुना एक्सप्रेसवेवर धुरक्यात एकामागे एक गाड्या येऊन आदळत होत्या आणि लोक खाली उतरून ओरडून मागच्यांना थांबवत होते, तो व्हिडिओ अनेकांनी पाहिला असेल. तशा घटना नंतरही होत राहिल्या.

आधी गणित. ताशी ६० ने गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरा, त्यात २५ मीटर गेले, मग ब्रेक लागून थांबायला कोरड्या रस्त्यावर अजून २०, झाले ४५. ८० ला हेच ७० होतात आणि १०० ला जवळजवळ १००. रस्ता ओला असेल, आणि धुक्यात असतोच, तर याहून जास्त. आता ५० मीटर दिसतंय आणि तुम्ही ६० ने चाललाय, म्हणजे समोर उभा ट्रक दिसला तर त्याच्या बंपरपाशी थांबाल, तेही सगळं नीट झालं तर. ४० ने २६ मीटरमध्ये थांबता. समोरून वाहन येऊ शकेल अशा रस्त्यावर जेवढं दिसतं त्याच्या निम्म्यात थांबता आलं पाहिजे.

यमुना एक्सप्रेसवेवर १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी कारची मर्यादा १०० वरून ७५ करतात, जड वाहनांना ६०. पण ही मर्यादा म्हणजे धुक्यात ७५ ने जायला परवानगी नव्हे हो. एक्सप्रेसवे रिकामा आणि सरळ असतो, वेगाचं भान राहत नाही, म्हणून स्पीडोमीटरकडे मुद्दाम बघत राहा, धुक्यात आपल्याला आपला वेग खऱ्यापेक्षा कमी वाटतो.

गाडीत करायच्या गोष्टी. हेडलाइट लो बीमवर, हाय बीम लावला की प्रकाश धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांत येतो. फॉग लॅम्प असतील तर लावा. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावून जाऊ नका, इकडे सगळे लावतात पण मग तुम्ही वळताय का उभे आहात हे मागच्याला कळत नाही. काच आतून धुरकटली तर कापडाने पुसत बसू नका, एसी चालू ठेवून गरम हवा काचेवर सोडा. गाणी बंद, खिडकी दोन बोटं उघडी, धुक्यात कान डोळ्यांच्या आधी सांगतात. डाव्या बाजूची पांढरी पट्टी धरून चला, मधली नाही. पुढच्या ट्रकच्या लाल दिव्याला चिकटून जायची पद्धत इकडे फार आहे, तो रस्ता सोडून शेतात गेला तर तुम्ही पण शेतात, तेव्हा दिवा दिसेल न दिसेल एवढ्या अंतरावर राहा.

उसाच्या ट्रॉल्या या दिवसांत रात्रंदिवस चालू असतात, मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला, आणि ऊस मागे दोन-तीन फूट बाहेर आलेला. पश्चिम उत्तर प्रदेशात तर पावलोपावली. ऊस आपल्याला काही नवीन नाही, पण कोल्हापुरात ट्रॉली निदान दिसते तरी.

थांबायचं ठरलं तर रस्त्यावर थांबायचं नाही, कडेला पण नाही. पेट्रोल पंप, ढाबा, टोलनाका, काहीतरी मुख्य रस्त्यापासून आत असलेलं शोधा. गाडी रस्त्यातच बंद पडली तर सगळ्यांनी उतरून रेलिंगच्या पलीकडे उभं राहायचं, गाडीत बसून फोन लावायचा नाही. हायवेची मदत १०३३, पोलीस-ॲम्ब्युलन्स ११२.

स्वतःची गाडी घेऊन दिल्लीकडे येणाऱ्यांनी अजून एक बघा, प्रदूषण वाढलं की ग्रॅपचा, म्हणजे प्रदूषण रोखायच्या टप्प्याटप्प्याच्या निर्बंधांचा, तिसरा टप्पा लागतो आणि तेव्हा बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल कारना दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद, नोएडात चालवायला बंदी असते. एमएच पासिंग असलं म्हणून सोडत नाहीत.

टॅक्सी केली असेल तर वेळ तुम्हीच ठरवा, ड्रायव्हरवर सोडू नका. दुसऱ्या हिवाळ्यात कानपूरहून येताना आमच्या ड्रायव्हरने खिडकीतून अख्खं डोकं बाहेर काढून गाडी चालवायला घेतली, मी विचारलं भैया दिख रहा है क्या, तर म्हणाला "अंदाज़ा है साहब". मी म्हटलं पुढच्या ढाब्यावर घे. तिथे आधीच पंधरा-वीस गाड्या लागलेल्या, शेकोटीभोवती सगळे बसलेले, एक बसभर वऱ्हाडी पण होते नवरदेवासकट. साडेदहाला ऊन पडलं तेव्हा दिसलं की ढाब्यासमोर, रस्त्याच्या अगदी कडेला, एक ट्रक बिनदिव्याचा रात्रभर उभा होता.